कामाच्या घाईत लहान मुलाला सोबत कसं घ्यायचं

मूल चालायला लागलं की घरातल्या मोठ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास येतं : ‘काही करूच देत नाही गं हा!’ कपड्यांच्या घड्या घालायला बसावं तर ढिगावर येऊन लोळतो, केर काढायला घ्यावा तर झाडू ओढतो, फोनवर बोलायला लागलं की पायाला मिठी. मग आपण त्याच्यापुढे खेळणी ओततो, पटापट काम उरकतो आणि ‘चल, आता खेळू या’ म्हणेपर्यंत आपला जीव दमलेला असतो आणि त्याची किरकिर सुरू झालेली असते.

माझ्या लेकीच्या पहिल्या दोन वर्षांत मी असंच केलं. काम वेगळं, खेळ वेगळा. तिला माझं कामच हवं होतं, हे मला फार उशिरा उमगलं. तुम्हाला लवकर उमगावं म्हणून हे लिहितोय. साधारण एक ते पाच वर्षांच्या मुलांच्या आईबाबांना आणि आजीआजोबांना याचा उपयोग होईल. सगळ्या पायऱ्या एकाच आठवड्यात चढायची घाई करू नका.

पायरी १ : आधी गुडघ्यांवर या

घरभर रांगत एक फेरी मारा. खरंच रांगा, उभ्याउभ्या बघून भागत नाही. मुलाच्या उंचीवरून घर वेगळंच दिसतं. टेबलाच्या कडेवरून लोंबणारी वायर, सोफ्याखाली गेलेलं नाणं, अर्धवट उघडा राहिलेला खालचा खण हे सगळं तिथूनच नजरेला पडतं.

सर्वांत आधी पाणी. लहान मूल अवघ्या ५ सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकतं, कारण या वयात शरीराच्या मानाने डोकं जड असतं आणि पाण्यात तोंडावर पडल्यावर त्याला स्वतःला सावरता येत नाही. बहुतेक वेळा ओरडण्याचा आवाजही येत नाही. म्हणून आंघोळ झाली की बादली आणि टब लगेच उपडे करायचे. आंघोळ चालू असताना टॉवेल आणायला जायचं असेल, तर मुलाला उचलून सोबत न्यायचं.

दुसरी गोष्ट बटणाएवढ्या चपट्या बॅटऱ्या. रिमोट, वजनकाटा, दिवे लागणारी खेळणी यांत त्या असतात. अशी बॅटरी गिळली आणि अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांत आतून गंभीर जखम होऊ शकते. नुसती शंका आली तरी ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणू नका, थेट इस्पितळ गाठा. ज्या वस्तूच्या बॅटरीच्या झाकणाला स्क्रू नाही, ती मुलाच्या हाती द्यायची नाही.

घशात अडकू शकणाऱ्या वस्तू ओळखायला टॉयलेट पेपरच्या आतलं पुठ्ठ्याचं नळकांडं कामाला येतं. ते साधारण ४ सेंटिमीटर रुंद असतं. जे त्यातून आरपार जातं, ते तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाताला लागेल असं ठेवायचं नाही. खाण्यातल्या गोल, टणक, गुळगुळीत गोष्टी चार वर्षांपर्यंत बारीक करूनच द्यायच्या आणि खाताना मूल बसलेलं हवं, पळणारं नको. उरली औषधं, साफसफाईची रसायनं (ही कुलपात) आणि उंच कपाटं. मुलं खणांचा जिना करतात, म्हणून कपाट भिंतीला पक्कं बांधून घ्या.

हे सगळं झालं की दिवसभरात आपल्या तोंडून निघणारे ‘हात लावू नको’ निम्म्यावर येतात. मुलाला काम द्यायचं, तर ते आधी व्हायलाच हवं. मूल नवं काही करायला लागलं, म्हणजे चढायला किंवा दार उघडायला शिकलं, की फेरी पुन्हा मारायची.

पायरी २ : तीन दिवस नुसतं बघा

एक कागद भिंतीला लावा. मूल कधी उठलं, कधी खाल्लं, कधी झोपलं, कधी चिडचिड झाली एवढंच लिहा. चौथ्या दिवशी कागद वाचलात की दिसेल, ‘दिवसभर त्रास देतो’ हे खरं नसतं. चिडचिड ठरावीक वेळांनाच होते. बहुतेक घरांत ती जेवणाच्या किंवा झोपेच्या आधीचा पाऊणएक तास असते आणि नेमकं तेव्हाच आपण त्याला बाहेर न्यायला किंवा पाहुण्यांसमोर बसवायला बघतो.

झोपेचा हिशेबही याच कागदावर कळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत १ ते २ वर्षांच्या मुलांना दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास आणि ३ ते ४ वर्षांच्या मुलांना १० ते १३ तास झोप सांगितली आहे. दुपारची डुलकी त्यातच धरलेली आहे. तुमच्या मुलाची झोप यापेक्षा बरीच कमी भरत असेल, तर बाकीचे उपाय बाजूला ठेवा आणि आठवडाभर आधी तेवढंच सुधारा.

पायरी ३ : एक खरं काम द्या

मूल ताजंतवानं असतं ती वेळ निवडा आणि घरातलं एकच काम ठरवा. मी मोज्यांपासून सुरुवात केली. लेक तेव्हा सव्वादोन वर्षांची होती. धुतलेल्या कपड्यांतून मोजे वेगळे काढले, जमिनीवर तीनच जोड पसरले, एक मोजा उचलला, त्याच रंगाचा दुसरा शोधला, दोन्ही शेजारी ठेवले. बोललो काहीच नाही. दुसरा जोडही तसाच. मग हात मांडीवर ठेवून थांबलो. तिने एक पिवळा मोजा उचलला, माझ्याकडे पाहिलं, मग निळ्यावर ठेवला. माझा हात पुढे जाणारच होता, तो मी आवरला. बराच वेळ ती त्या दोन मोज्यांकडे बघत बसली. मग निळा बाजूला सारला, खाली वाकून पिवळा शोधला आणि जोड जमल्यावर दोन्ही मोजे छातीशी धरले. तीन जोडांना अकरा मिनिटं लागली. मला एकट्याला अर्धं मिनिटही लागलं नसतं, पण त्या अकरा मिनिटांत ती एकदाही किरकिरली नाही.

मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममधल्या एका कष्टकरी वस्तीत आपली पहिली बालशाळा उघडली, तेव्हा त्यांच्याही हेच लक्षात आलं होतं. मुलांना खेळण्यांपेक्षा खरी, हाताने करायची कामं आवडत होती आणि ती करताना ती तासन्‌तास रमत होती. त्यांच्या पद्धतीतली ओतणं, पुसणं, बटणं लावणं ही ‘व्यवहारातली कामं’ त्यातूनच आली.

काम देताना मी ज्या गोष्टी कटाक्षाने पाळतो, त्या अशा. दाखवताना हात सावकाश चालवायचे आणि तोंड बंद ठेवायचं. एवढ्या लहान मुलाला हात बघत बघत बोलणंही ऐकायचं, हे जड जातं. हत्यार खरं पण छोटं असावं : लहान झाडू, छोटी बादली, हातात मावेल असं फडकं. प्लॅस्टिकचा खोटा झाडू केर काढत नाही आणि मुलाला ते लगेच समजतं. पूर्ण काम न देता त्याचा एक तुकडा द्यायचा. आणि सर्वांत अवघड म्हणजे त्याने केलेलं त्याच्या डोळ्यांदेखत पुन्हा करायचं नाही. वाकडी घडी वाकडीच कपाटात जाऊ द्या. आपण ती मोडून नीट घातली, की मुलाला एवढंच कळतं, की त्याच्या करण्याला काही किंमत नाही.

वयाप्रमाणे बोलायचं तर दीड वर्षाचं मूल मळके कपडे टोपलीत टाकतं, सांडलेलं पुसतं (आणखी पसरवतं, हरकत नाही), हाक मारली की एखादी वस्तू आणून देतं. अडीच-तीनला मोजे, रुमालाच्या घड्या, झाडांना पाणी, चपला रांगेत लावणं जमतं. चार-पाचला ताटं-पेले मांडणं, स्वतःचं अंथरूण घालणं, बाजारातल्या यादीतल्या दोन वस्तू लक्षात ठेवणं.

पाणी ओतणं मात्र वेगळं शिकवा, ते मुलांना वेड लावतं. एका ताटलीत दोन छोटी भांडी ठेवा, एकात दोन घोट पाणी. या भांड्यातून त्या भांड्यात, पुन्हा उलट. शेजारी फडकं ठेवा आणि सांडलं की ‘फडकं कुठंय?’ एवढंच विचारा. सांडणं हाही या शिक्षणाचा भाग आहे, त्यावर रागावणार असाल तर हे काम थकल्यावेळी काढू नका. माझ्या अनुभवात वीस मिनिटं शांतता हवी असेल तर याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. फक्त तिथून हलायचं नाही.

काम झाल्यावर ‘शाब्बास, हुश्शार’ यापेक्षा जे दिसलं ते सांगा. ‘सगळ्या चपला भिंतीकडे तोंड करून लावल्यास.’ मूल मान वळवून आपल्या कामाकडे पुन्हा एकदा बघतं.

पायरी ४ : रोज दहा मिनिटं त्याच्या मर्जीची

काम आपल्या मर्जीने, तर निदान दहा मिनिटं खेळ त्याच्या मर्जीने. फोन दुसऱ्या खोलीत, खिशातसुद्धा नको. जमिनीवर बसा आणि खेळ ठरवू नका. ते गाडी उलटी करून चाकं फिरवत बसलं, तर तुम्हीही चाकं फिरवा. ‘हा कुठला रंग? किती आहेत?’ अशी परीक्षा घ्यायचा मोह होतो, तो टाळा. त्याऐवजी जे घडतंय ते बोला : ‘चाक जोरात फिरतंय. अरे, थांबलं.’ मग गप्प राहा. मनातल्या मनात दहा आकडे मोजा. मुलाला शब्द जुळवायला वेळ लागतो आणि आपण तो देत नाही. दुसरं वाक्य आपण भरून काढलं, की त्याची बोलायची पाळी गेली. अजून न बोलणाऱ्या बाळालाही हेच लागू आहे. त्याने आवाज केला की आपण उत्तर द्यायचं, आणि पुन्हा त्याच्या आवाजाची वाट बघायची.

शेजारचं मूल खेळायला आलं आणि दोघं पाठ फिरवून आपापलंच खेळत बसली, तर जबरदस्तीने एकत्र आणू नका. मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांच्या खेळाचे प्रकार मांडले, त्यांत शेजारी बसून समांतर खेळणं हा एक स्वतंत्र प्रकार आहे. दोन-अडीच वर्षांची मुलं बरेचदा तसंच खेळतात. ‘वाटून घे, शेअर कर’ म्हणून हातातलं ओढून देण्यापेक्षा सारखी दोन खेळणी ठेवणं सोपं.

पायरी ५ : निघायची वेळ

दिवसातली निम्मी भांडणं ‘हे थांबव आणि ते कर’ इथे होतात. ‘पाच मिनिटांत निघायचंय’ याचा तीन वर्षांच्या मुलाला काही अर्थ लागत नाही, मिनिट त्याला दिसत नाही. दिसेल, मोजता येईल असं सांगा : ‘अजून तीनदा घसरगुंडी, मग चपला.’ आणि तिसऱ्यांदा झाली की खरंच चपला. चौथी दिलीत, तर उद्या दहा मागणार.

‘शर्ट घालायचा का?’ असं विचारायचं नाही, कारण त्याचं उत्तर ‘नाही’ असंच येणार. ‘हिरवा की पट्ट्यांचा?’ असं विचारा. ‘पळू नको’ऐवजी ‘माझा हात धरून चाल’ म्हणा. काय करायचं नाही यापेक्षा काय करायचं हे त्याला चटकन कळतं.

घरातून तुम्ही एकटे निघत असाल, तर मुलाची नजर चुकवून पळू नका. साधारण आठ-नऊ महिन्यांपासून मूल जवळचं माणूस दूर गेलं की घाबरतं, आणि आपण न सांगता नाहीसे झालो की पुढच्या वेळी ते आपल्याला क्षणभरही सोडत नाही. रडलं तरी सांगून जा, परत कधी येणार ते त्याच्या घड्याळात सांगा : ‘तू झोपून उठलास की मी येणार.’ आणि तेव्हाच या.

पायरी ६ : आकांडतांडव

हे होणारच. तुमचं काही चुकलं म्हणून नाही. एक ते तीन या वयात हवंनकोपण भरपूर असतं, ते सांगायला शब्द कमी असतात आणि स्वतःला आवरणारा मेंदूचा भाग तर पुढे विशीपर्यंत घडत असतो.

मायकेल पोटेगल आणि रिचर्ड डेव्हिडसन यांनी २००३ मध्ये दीड ते पाच वर्षांच्या मुलांच्या आकांडतांडवांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ७५ टक्के प्रसंग पाच मिनिटांत किंवा त्याआधीच संपलेले आढळले. राग सुरुवातीलाच शिगेला पोचतो आणि ओसरत जातो, तर दुःख रेंगाळतं आणि शेवटाकडे मूल जवळ घेण्याची मागणी करतं, असंही त्यांना दिसलं. मला याचा फार उपयोग झाला. किंचाळणं, लाथा झाडणं चालू असतं तेव्हा समजावणं फुकट जातं, उलट प्रत्येक वाक्याने भडका वाढतो. तेव्हा टोकदार वस्तू बाजूला करायच्या, जवळ जमिनीवर बसायचं आणि गप्प राहायचं. किंचाळण्याचं हुंदक्यांत रूपांतर झालं की हात पुढे करायचे. कुशीत आल्यावर एकच वाक्य : ‘तुला अजून खेळायचं होतं, म्हणून राग आला.’ जे नाकारलं होतं ते मात्र द्यायचं नाही. शिकवणूक, नियम, कारणं हे सगळं नंतर, पोट भरलेलं असताना.

मूल मारत किंवा चावत असेल तर हात धरा आणि सांगा, ‘मारू देणार नाही.’ उलट मारणं हा त्याचा इलाज नाही. मोठ्याने मारलं तर मुलाला एवढंच कळतं, की बळ असलेल्याने मारायचं असतं.

पायरी ७ : रात्रीचा क्रम

रोज तेच, त्याच क्रमाने : दात, कपडे, पुस्तक, दिवा. वेळ अर्धा तास पुढेमागे झाली तर चालेल, क्रम बदलू नका. (टूथपेस्ट तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वाटाण्याएवढी, आणि शेवटचा हात आपणच फिरवायचा.)

पुस्तक वाचून दाखवताना शेवटपर्यंत पोचायची घाई नको. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये आईवडिलांच्या एका गटाला चित्रांचं पुस्तक वाचताना मुलालाच बोलतं करायला शिकवलं : ‘इथे काय चाललंय?’ विचारायचं, मुलाच्या उत्तरात थोडी भर घालून ते परत म्हणायचं. महिनाभरातच ती मुलं बोलण्यात दुसऱ्या गटाच्या पुढे गेली. म्हणजे मुलाने ‘भूभू’ म्हटलं, की आपण ‘हो, भूभू पळतोय. कुठे पळतोय?’ म्हणायचं. तेच पुस्तक चाळीस रात्री मागितलं तर चाळीस रात्री वाचा. पुढे काय येणार हे माहीत असण्यातच त्याला गोडी असते. एखाद्या रात्री ओळीचा शेवटचा शब्द गाळून बघा, तो अंधारातून येईल.

फोन-टीव्हीच्या पडद्याबद्दल थोडक्यात. वर झोपेबद्दल सांगितलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या तत्त्वांनुसार दोन वर्षांखाली पडदा नको आणि २ ते ४ वर्षांत दिवसाला तासाभराच्या आतच, जितका कमी तितका बरा. परगावच्या आजीशी व्हिडिओवर गप्पा मारणं मी यात धरत नाही, त्यात समोरून उत्तर येतं. जेवताना आणि झोपेआधीच्या तासात पडदा बंद, हे दोन नियम पाळले तरी बरंच साधतं. घरातल्या मोठ्यांनाही तेच लागू.

पायरी ८ : सुटीच्या दिवशी सगळ्यांनी मिळून

जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच मार्गदर्शनात १ ते ४ वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून निदान १८० मिनिटं हालचाल करावी असं म्हटलंय. आकडा मोठा वाटतो, पण मुलाला मोकळं सोडलं की तो आपसूक भरतो. आमच्याकडे टिकलेले खेळ एवढेच :

- गोगलगाय फेरी. मूल पुढे, मोठे मागे. ते थांबेल तिथे थांबायचं, ते बसेल तिथे बसायचं. घरी यायची वेळ ठरलेली, पोचायचं ठिकाण ठरलेलं नाही. आम्ही एकदा अर्ध्या तासात एक गल्लीही ओलांडली नाही, मुंग्यांची रांग लागली होती.
- पाण्याची चित्रं. रंगाचा जुना ब्रश, वाटीभर पाणी आणि उन्हातली फरशी. चित्र सुकून जातं, म्हणून पुन्हा काढायचं.
- स्टॅच्यू. गाणं लावून सगळ्यांनी नाचायचं, थांबलं की पुतळा. मूल स्वतःच्या अंगाला थांबवायला शिकतं. आजोबांनी डोळे मिटून एका पायावर उभं राहिलेलं मुलांना विशेष आवडतं.
- मोठं खोकं. काय करायचं ते सांगू नका.
- घरातल्यांचे फोटो. ‘हा कोण?’ मधून ‘बाबा लहान होता तेव्हा’ची गोष्ट निघते.

एका दिवशी एकच. दोन उपक्रम आणि एक पाहुण्यांची भेट एवढं कोंबलं, की संध्याकाळी कोण रडणार ते सांगायला नको.

डॉक्टरांना कधी विचारावं

मुलं आपापल्या गतीने वाढतात हे खरं, पण काही खुणांवर थांबून राहू नये. सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडत नाही, हाक मारल्यावर वळत नाही, किंवा आधी येत असलेलं बोलणं, खेळणं, बघून हसणं कमी झालं, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ‘याचा बाबाही उशिरा बोलला होता’ हे ऐकून घ्या, पण भेटीची वेळ घ्याच. काही नसेल तर तेही तेच सांगतील.

पायरी ९ : फसलेला दिवस

असे दिवस येतात. एका संध्याकाळी मी लेकीवर एवढ्या जोरात ओरडलो की तिच्या हातातला पेला पडला. आपला तोल जातोय असं जाणवलं, तर मूल सुरक्षित जागी आहे हे बघून शेजारच्या खोलीत दोन मिनिटं उभं राहणं चालतं. थंड पाणी प्यावं, घरात दुसरं कुणी असेल तर सरळ सांगावं, ‘आत्ता तू घे, माझ्याने होत नाहीये.’ हे सांगायला लाजू नका. बाळंतपणानंतर आईला किंवा बाबांनाही आठवड्यांमागून आठवडे उदास वाटत असेल, झोप-भूक उडाली असेल, तर तोही डॉक्टरांना सांगण्याचाच विषय आहे.

ओरडून झालं असेल तर मूल शांत झाल्यावर त्याच्या उंचीवर बसा आणि माफी मागा, ‘पण तू पण ना...’ न जोडता. मी त्या संध्याकाळी म्हटलं, ‘बाबा फार जोरात ओरडला. तुला भीती वाटली. ते बाबाचं चुकलं.’ तिने मान हलवली, फडकं आणलं, आणि आम्ही दोघांनी मिळून फरशीवरचं पाणी पुसलं. मग दात, कपडे, पुस्तक, दिवा.